लंबाची वाट

चढ हा शब्द आमच्या भागातील माणसाला शिकवावा लागत नाही. भाताचा भारा डोक्यावर घेऊन जी बाई शेतातून घरी येते, तिला कोणता चढ किती अवघड हे पायांनीच ठाऊक असते. निर्देशक भूमितीने हाच घरगुती शब्द उचलला आणि त्याला एक नेमका आकडा दिला. आडवे जितके गेलो त्याने उभे जितके चढलो त्याला भागावे. येईल तो भागाकार म्हणजे त्या रेषेचा चढ. आलेखाच्या कागदावर दोन घरे उजवीकडे जाऊन एक घर वर गेलो, तर चढ १/२. दोन घरे उजवीकडे जाताना एक घर खाली उतरलो, तर चढ उणे १/२. उतार म्हणजे ऋण चढ, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

या चढाविषयी अकरावीच्या पुस्तकात, म्हणजे आमच्या कर्नाटकात ज्याला पी. यू. सी.चे पहिले वर्ष म्हणतात त्या वर्षी, एक नियम येतो. दोन रेषा एकमेकींना लंब असतील तर त्यांच्या चढांचा गुणाकार उणे १ असतो. धर्मग्रामाच्या सभागृहात शनिवारी दुपारी काही मुले-मुली अभ्यासाला बसतात. त्यांच्यापैकी कोणालाही हा नियम विचारा, उत्तर तत्काळ मिळते. मग हळूच विचारावे, "बाळांनो, उणे १ च का? उणे २ का नाही?" की सगळे छताकडे पाहू लागतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली ही मुले अकरावीत एकदम इंग्रजीत जातात. कालपर्यंतचा 'चढ' आज 'स्लोप' होतो, 'लंब' 'पर्पेंडिक्युलर' होतो, आणि अर्थ जुन्या वहीतच राहून जातो. नव्या वहीत उरतो तो केवळ नियम.

मी फळ्यावर काही लिहीत नाही. एक पुठ्ठा घेतो आणि काटकोन त्रिकोण कापतो. त्याची आडवी बाजू चार बोटे, उभी बाजू दोन बोटे. टेबलावर तो असा ठेवतो की त्याची तिरपी बाजू डावीकडून उजवीकडे चढत जाईल. तिचा चढ दोनास चार, म्हणजे १/२. आता पुठ्ठा जागच्या जागी एका कोपऱ्यावर फिरवायचा, बरोबर एक काटकोन. काय झाले? जी बाजू आडवी होती ती उभी झाली, आणि जी उभी होती ती आडवी झाली. आडव्या-उभ्याची अदलाबदल झाली म्हणून १/२ चा २ झाला. शिवाय तिरपी बाजू आता उजवीकडे चढण्याऐवजी डावीकडे चढते, म्हणजेच उजवीकडे जाताना उतरते. म्हणून २ चा उणे २ झाला. १/२ गुणिले उणे २, बरोबर उणे १. त्रिकोण कोणताही घ्या, फिरवल्यावर अदलाबदल हीच होणार आणि चढाचा उतार होणार. नियमात याहून अधिक काही नाही.

ज्यांना पुठ्ठ्याने समाधान होत नाही, आणि वर्गात असे एकदोघे असावेतच, त्यांच्यासाठी पायथागोरसचा आधार आहे. दोन्ही रेषा आरंभबिंदूतून जातात असे समजा, आणि त्यांचे चढ म व न. आरंभबिंदूपासून एक घर उजवीकडे गेल्यावर पहिली रेषा म उंचीवर असेल, दुसरी न उंचीवर. या दोन जागांमधील उभे अंतर म − न. आरंभबिंदूपाशी काटकोन असेल तर (१ + म²) + (१ + न²) = (म − न)². उजवी बाजू उलगडली की म² आणि न² दोन्हीकडून नाहीसे होतात, आणि उरते २ = −२मन. म्हणजे मन = −१. हे समीकरण प्रथम पाहिले तेव्हा सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या तासांपेक्षा मला अधिक आनंद झाला होता, हे माझ्या जुन्या गुरुजनांनी वाचू नये.

मुले येथे दोन प्रकारे चुकतात. काहीजण अंश-छेदाची अदलाबदल करतात पण चिन्ह बदलायला विसरतात. १/२ ला लंब म्हणून २ चढाची रेषा काढतात, आणि त्या दोन रेषांत सुमारे ३७ अंशांचा कोन होतो. काहीजण चिन्ह बदलतात पण अदलाबदल विसरतात. उणे १/२ ची रेषा काढतात, आणि कोन होतो सुमारे ५३ अंशांचा. गंमत अशी की या दोन चुकांचे कोन मिळविले तर बरोबर ९० होतात, आणि हे कोणत्याही चढाच्या बाबतीत खरे आहे. एका विद्यार्थ्याने यावर म्हटले, "फादर, मग दोघांना अर्धे-अर्धे गुण द्यावेत." मी दिले नाहीत.

एक ठिकाण असे आहे की तेथे नियम मुका होतो. अगदी आडव्या रेषेचा चढ शून्य असतो, आणि अगदी उभ्या रेषेला चढच नसतो, कारण आडवे काहीच न गेल्यामुळे शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. या दोन रेषा परस्परांना लंब आहेत हे पोरालाही दिसते. पण गुणाकार करायला दुसरा आकडाच नाही. पुठ्ठा मात्र येथेही मुकाट्याने फिरतो. म्हणूनच मी म्हणतो, नियम पाठ असावा, पण पुठ्ठा हातात असावा. या उभ्या रेषेची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे, म्हणून ती येथे सांगून ठेवली.

लंब या कल्पनेविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. लॅटिनमध्ये गवंड्याच्या ओळंब्याला 'पर्पेंडिकुलुम' म्हणत, आणि सुताराच्या गुण्याला 'नॉर्मा'. भूमितीत लंबासाठी जी दोन नावे युरोपीय भाषांत रूढ झाली, ती या दोन हत्यारांवरून. ओळंबा आणि गुण्या यांच्यात मोठा फरक आहे. ओळंबा केवळ एकच दिशा जाणतो, पृथ्वीकडची. आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथातील सातव्या अध्यायात प्रभू भिंतीपाशी हातात ओळंबा घेऊन उभा असलेला दिसतो, तो याच अर्थाने. गुण्याला मात्र आधी विचारावे लागते, "कशाला काटकोन?" ज्या फळीला तो टेकवाल तिला तो लंब दाखवील, दुसऱ्या फळीला नव्हे. क्रूसही दोन लंब रेषांचाच, पण तो विषय प्रवचनाचा. येथे मला एका वाटेविषयी सांगायचे आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका वाडीत दोन भावांची वाटणी झाली. रस्त्याकडचे भातशेत थोरल्याच्या वाट्याला आले, मागचे घर आणि परसू धाकट्याच्या. दोघे हयात होते तोवर वाटेचा प्रश्नच उद्भवला नाही. ज्याला जिथून जायचे तिथून तो जाई. धाकटा वारला. घरात उरल्या त्याची पत्नी, दोन लहान मुलगे आणि पी. यू. सी.ला गेलेली मुलगी. पहिल्याच पावसाळ्यात चिखलणी झाली, रोप लागले, आणि घरापासून रस्त्यापर्यंत पाय ठेवायला बांधाखेरीज जागा राहिली नाही. दोन फूट रुंदीचा निसरडा बांध. धाकट्या मुलाला ताप भरला तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन त्या बांधावरून आणावे लागले. (दोन्ही घरांनी हे लिहायला परवानगी दिली आहे, तरीही नावे व वाडी मी सांगत नाही.)

वाट द्यायला थोरल्यांची ना नव्हती, हे प्रथमच सांगितले पाहिजे. वाद होता तो वाट कुठून द्यायची याचा. वहिनींचे म्हणणे, "भावोजी, माझ्या दारातून सरळ समोर क्रुसापाशी निघावी. तीच जवळची वाट." रस्त्याच्या कडेला तेथे एक जुना क्रूस आहे, आणि एस. टी. तेथेच थांबते. थोरल्यांचे म्हणणे, वाट बांधानेच जावी आणि शेताच्या कोपऱ्यातील हद्दीच्या दगडापाशी निघावी. तीच जवळची, आणि सरळ वाट मागणे म्हणजे उभे शेत कापून घेणे. दोघेही 'जवळची' हाच शब्द उच्चारत होते, आणि दोघांनाही वाटत होते की समोरचा माणूस आपल्याला फसवतो आहे. रविवारच्या मिस्सेला एक घर डावीकडच्या बाकांवर बसू लागले, दुसरे उजवीकडच्या. गावात वकिलाचे नाव निघू लागले.

वास्तविक कायदा या बाबतीत पुरेसा शहाणा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वाटणीमुळे ज्याचे घर अडकून पडते त्याला वाटेचा हक्क मिळतो. ती कुठून काढायची हे ज्याच्या जमिनीतून ती जाणार त्याने ठरवायचे, मात्र ती दुसऱ्याला वाजवी सोयीची असली पाहिजे. पण 'वाजवी' म्हणजे किती फूट हे कायदा सांगत नाही, आणि ते ठरेपर्यंत कोर्टात किती पावसाळे जातात हे आपण सगळे जाणतो.

थोरल्यांकडे जुन्या मोजणीच्या टिपणाची नक्कल होती. मुंबई इलाख्याच्या या मोजणीची घडी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पुणे जिल्ह्यातील इंदापुराकडे गोल्डस्मिड व विन्गेट या अधिकाऱ्यांनी बसविली, आणि बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात असल्याने आमची शेतेही त्याच पद्धतीने मोजली गेली. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. मोजणीदार शेतातून एक सरळ रेषा घाली, तिच्यावरून साखळी टाकीत चाले, आणि प्रत्येक कोपऱ्यासमोर आला की शंकू नावाच्या साधनाने काटकोन साधून त्या कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजी. टिपणात लिहिलेले असते ते एवढेच: रेषेवर इतक्या साखळ्या, तेथून डावीकडे किंवा उजवीकडे इतक्या.

वाचकांपैकी ज्यांनी निर्देशक भूमिती वाचली आहे त्यांच्या एव्हाना लक्षात आले असेल. हेच तर निर्देशक! रेषेवरचे अंतर म्हणजे क्ष, लंबाचे अंतर म्हणजे य. डावीकडचा लंब धन, उजवीकडचा ऋण. रने देकार्त यांनी १६३७ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात वक्ररेषांना समीकरणांत पकडले, म्हणून निर्देशकांचा शोध त्यांच्या नावावर आहे. ते ला फ्लेश येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकले, ही आम्हा धर्मगुरूंना उगाच सुखावणारी गोष्ट. पण त्यांच्याही पूर्वी चौदाव्या शतकात निकोल ओरेम यांनी, जे १३७७ साली फ्रान्समध्ये लिझ्यूचे बिशप झाले, एका आडव्या रेषेवर ठिकठिकाणी लंब उभे करून क्षणोक्षणी बदलणारा वेग त्यांच्या उंचीने दाखविला होता. बिशपमहाशयांचे ते चित्र आणि आमच्या मोजणीदाराचे टिपण शेजारी ठेवले तर दोघेही एकाच घराण्यातले दिसतील.

टिपण पाहण्याची कल्पना त्या मुलीची. सहामाही परीक्षेत ती गणितात नापास झाली होती, आणि शाखा बदलण्याचा अर्ज लिहून माझ्याकडे तो तपासून घ्यायला आली होती. अर्ज बाजूला ठेवून मी म्हटले, "आधी मला तुझ्या वाटेचे गणित करून दाखव." जानेवारी महिना होता, शेत कापून मोकळे झाले होते. घर टिपणात नव्हते, कारण ते मागाहून बांधलेले. म्हणून आम्ही टेप घेऊन, गवंडी करतात तसा तीन-चार-पाचचा काटकोन दोरीने साधून, घराचा उंबरठा त्या जुन्या रेषेपासून मोजला. थोरले काका पडवीतून पाहत होते. मुलीने त्यांना मोठ्याने सांगितले, "काका, आता रस्त्याचा चढ काढायचाय." त्यावर ते उठून आले. "चढ? फादर, माझ्या शेताला चढ कुठला? पाणी सोडलं तर जागच्या जागी उभं राहतंय." हा चढ कागदावरचा, रस्ता त्या मोजणीच्या रेषेपासून किती कलला आहे ते सांगणारा, हे त्यांना पटवायला काही वेळ गेला. तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. कारण त्यानंतर ते पडवीत परत गेले नाहीत.

प्रत्यक्ष आकड्यांना आण्यांची शेपटे होती. वाचकांसाठी मी ती छाटून पूर्ण साखळ्या मांडतो. हिशेबाचा आकार त्याने बदलत नाही. रस्त्याच्या कडेचा पहिला दगड रेषेवर १ साखळी, उजवीकडे ४. म्हणजे (१, −४). कोपऱ्याचा दगड (७, −१). उंबरठा रेषेवर ३ साखळ्या, डावीकडे २. म्हणजे (३, २). पहिल्या दगडापासून दुसऱ्याकडे जाताना ६ साखळ्या पुढे आणि ३ वर, म्हणून रस्त्याचा चढ ३/६, म्हणजे १/२. एखाद्या जागेपासून रेषेपर्यंतची सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या रेषेवरचा लंब. तिचा चढ उणे २ असला पाहिजे. उंबरठ्यापासून निघून ज्या वाटेचा चढ उणे २ आहे तिचे समीकरण य = −२क्ष + ८. रस्त्याचे समीकरण य = क्ष/२ − ९/२. दोन्ही जेथे मिळतात तेथे क्ष ५ आणि य उणे २. लंबाचा पाय म्हणून (५, −२) येथे, दोन्ही दगडांच्या मध्ये, क्रुसापासूनही दूर आणि कोपऱ्यापासूनही दूर. उंबरठ्यापासून तेथवर २ साखळ्या पुढे आणि ४ खाली. वर्गांची बेरीज २०, वर्गमूळ ४.४७, म्हणजे १४७ फूट ७ इंच.

आता वादातील दोन वाटा. क्रूस रस्त्यावर (३, −३) येथे आहे. उंबरठ्याच्या अगदी समोर. ती वाट ५ साखळ्या, १६५ फूट. कोपऱ्याचा दगड उंबरठ्यापासून ४ साखळ्या पुढे, ३ खाली. १६ आणि ९ मिळून २५, वर्गमूळ ५. तीही १६५ फूट! मुलीने आकडा दोनदा तपासला, मग पेन्सिल खाली ठेवली आणि आईकडे पाहिले, नंतर काकांकडे. दोघेही एकाच अंतरासाठी गेले वर्षभर भांडत होते. (प्रत्यक्षात फरक वीतभराचा होता.) आणि दोघांचीही वाट जवळची नव्हती, खऱ्या जवळच्या वाटेहून ती प्रत्येकी १७ फुटांनी लांब होती.

वहिनींना हे पटेना. "दारातून नाकासमोर गेलेली वाट तिरपी कशी?" त्यांचा प्रश्न मला अतिशय योग्य वाटला. घर बांधताना गवंड्याने ते जुन्या मोजणीच्या रेषेला धरून बांधले होते. दारातून निघालेली सरळ वाट त्या घराच्या भिंतीला लंब होती यात संशय नाही. पण रस्ता त्या भिंतीशी समांतर नव्हता. तो कललेला होता. कागदावर त्यांची वाट म्हणजे ती उभी रेषा, जिला चढच नाही आणि जिच्यापुढे नियम मुका होतो. ती आडव्या रेषेला लंब असते, रस्त्याला नव्हे. गुण्या त्यांनी आपल्या उंबरठ्याला टेकविला होता, आणि थोरल्यांनी आपल्या बांधाला. त्या बांधाचा चढ उणे ३/४. रस्त्याच्या १/२ शी गुणला तर उणे ३/८ येतो, उणे १ नव्हे. रस्त्याला गुण्या कोणीच टेकविला नव्हता.

थोरल्यांचा कागदावर विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांचा अपमान मानण्याचे कारण नाही. कागदाने गरीब माणसाला पुष्कळदा नाडले आहे. तेव्हा मला युक्लिड आठवला. त्याच्या पहिल्या पुस्तकातील बारावी रचना नेमकी हीच आहे: दिलेल्या बिंदूतून दिलेल्या रेषेवर लंब काढणे. तेथे ना निर्देशक, ना चढ. बिंदू मध्य धरून रेषेला दोन ठिकाणी छेदील असे वर्तुळ काढावे, आणि त्या दोन छेदनबिंदूंच्या मध्याला मूळ बिंदू जोडावा. येशूसंघीय ख्रिस्तोफर क्लावियस यांनी १५७४ साली युक्लिडची जी लॅटिन आवृत्ती प्रसिद्ध केली तिच्यावर युरोपातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या. १५८२ च्या पंचांग-सुधारणेतील प्रमुख गणिती तेच. त्यांचे शिष्य मात्तेओ रिची चीनला जाण्यापूर्वी गोव्यात राहून शिकले, आणि पुढे १६०७ साली त्यांनी शू ग्वांगची या चिनी विद्वानासह युक्लिडची पहिली सहा पुस्तके चिनी भाषेत आणली. इतक्या लांबचा प्रवास केलेली रचना आमच्या वाडीत करायला काय हरकत होती?

विहिरीचे दोन दोर गाठ मारून जोडले आणि १६५ फूट मोजून घेतले. एक टोक उंबरठ्यापाशी वहिनींनी धरले, दुसरे थोरल्यांनी. त्यांनी दोर ताणून रस्त्याच्या कडेने चालायचे, आणि दोर कडेला नेमका टेकेल तेथे खूण करायची. पहिली खूण झाली क्रुसाच्या पायथ्याशी. मग दोर सैल पडत गेला, ते चालत राहिले, आणि पुन्हा ताण आला तो थेट कोपऱ्याच्या दगडापाशी. दोन खुणांमधले अंतर त्याच दोराने मोजून निम्मे केले. प्रत्येक बाजूस ७३ फूट आणि वर नऊ-दहा इंच. तेथे थोरल्यांनी स्वतःच्या हाताने खुंटी ठोकली. मुलीने कागदावरून (५, −२) ही जागा टेपने मोजून काढली, ती खुंटीपासून सहा बोटांवर आली. दोर जुना होता, तो ताणला की लांबतो. सहा बोटांबद्दल कोणी काही बोलले नाही.

यानंतर वाट लंबानेच गेली असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही, आणि जे झाले ते मला अधिक शहाणपणाचे वाटते. लंबाची वाट सहा फूट रुंद धरली तर ८८५ चौरस फूट पिकाची जमीन जात होती, आणि शेताचे दोन तुकडे होत होते; नांगर फिरवायला ते अडचणीचे. क्रुसाकडची सहा फुटी वाट घेतली तर ९९० चौरस फूट, आणि तुकडे होतेच. बांधाचे दोन फूट मात्र आधीच पिकाबाहेरचे. तोच बांध सहा फुटांचा केला तर नवी जमीन लागत होती ६६० चौरस फूट. थोरले बोटांवर बराच वेळ काही मोजत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, क्रुसाकडं तू जेवढी जागा मागत होतीस ना, तेवढीच देतो. पण बांधाला लावून देतो. बांध आठ फुटांचा होईल. रिक्षा दारापर्यंत येईल." हिशेब बरोबर होता, बांधाला सहा फुटांची भर, १६५ फूट लांब, तेच ९९० चौरस फूट, साडेचौदा आणे गुंठा. हा हिशेब मुलीने केला नव्हता, मीही नाही. त्यांनी तो मनात केला.

वहिनींनी एकच विचारले: एस. टी. क्रुसापाशी थांबते, तेथवर कोपऱ्यापासून रस्त्याने जे चालावे लागेल त्याचे काय? ते अंतर १४७ फूट. पण ते डांबरी रस्त्यावरचे, चिखलातले नव्हे, आणि आजारी माणसासाठी रिक्षा दारात येणार होती. त्यांनी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी होकार कळविला. करारपत्र रीतसर नोंदवून घेतले. त्याला नकाशा जोडला तो मुलीच्या हातचा, साखळ्या व आणे या दोन्ही मापांत. एप्रिलात मातीची भर पडली आणि जून लागण्यापूर्वी जांभ्या दगडाचे तुकडे अंथरून वाट पक्की केली.

शाखा बदलण्याचा तो अर्ज माझ्या टेबलावरच राहिला. तिने तो परत मागितला नाही. त्रिकोणमिती तिला अजून जड जाते. नियम मात्र ती आता पाठ म्हणत नाही. विचारले की हाताचा तळवा टेबलावर ठेवते आणि एक काटकोन फिरवते.

लंबाच्या पायाशी ठोकलेली ती खुंटी कोणाच्याच उपयोगाची राहिली नव्हती. काढून टाकावी की काय, असे मी थोरल्यांना विचारले. त्यांनी नको म्हटले. सध्या तिला त्यांची म्हैस बांधलेली असते.